न सापडलेला रफू

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. दुकानदार साखर जरा घाईनं ओतायला लागला की माझी नजर तराजूवर जाते. डॉक्टर फार गोड बोलायला लागला की मी गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचते. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा जेवढी स्थळं आली तेवढ्यांत मला काही ना काही खोट सापडली, आणि मी राहिले ती राहिलेच. दादा म्हणायचा, "हिला नवरा नकोय, आरोपी हवाय." हसा, खुशाल हसा. याच स्वभावावर मला नोकरी लागली आणि एकोणीस वर्षं टिकली.

आमची कंपनी कपडे धुण्याची. हॉटेलांच्या चादरी, वेटरांचे गणवेश, मोठ्या लोकांचे लोकरी कोट, सगळं येतं. एका टोकाला यंत्रं, मग इस्त्रीची ओळ, मग खिडकीपाशी दुरुस्तीचं टेबल आणि सगळ्यात शेवटी मी. माझ्या टेबलावर एक दिवा, एक भिंग आणि एक शिक्का. माझा शिक्का बसल्याशिवाय रुमालसुद्धा पिशवीत जात नाही. डाग राहिला, बटण सैल असलं, शिवण वाकडी गेली, की मी चिठ्ठीवर लिहिते आणि कपडा मागे जातो. सगळे मला पाठीमागे 'फौजदारीण' म्हणतात. मला माहीत आहे.

पण मी सांगायला बसले आहे ते माझ्या वहिनीबद्दल.

वहिनी रफूवाली. तिचे वडीलही तेच काम करायचे, आणि त्यांना मुलगा नव्हता म्हणून हिला शिकवलं. लग्न होऊन आमच्या दोन खोल्यांत आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात केसासारख्या बारीक सुया, एक भिंग आणि एक लाकडी अंडं. लाकडी अंडं बघून मला वाटलं, बाई जादूटोणा करते की काय! ते कपडा ताणून धरायला असतं, हे मला नंतर कळलं. चौदा वर्षं ती वकिलांच्या इमारतीच्या जिन्याखाली बसली. वर छप्पर म्हणजे जिन्याच्या पायऱ्या, आणि बूड टेकायला एक स्टूल. एकुलत्या एक पँटवरचा शाईचा डाग ब्लेडनं खरवडताना भोक पाडून बसलेला कारकून, मुलाखतीला निघालेला पोरगा, कोर्टात उभं राहायचं म्हणून कोट भाड्यानं आणलेला आणि तो खिळ्याला अडकवून फाडलेला माणूस, असलं गिऱ्हाईक. पाटी नाही, पावती नाही. पालिकेची गाडी आली की स्टूल काखेत मारायचं आणि इमारतीच्या मागे जाऊन उभं राहायचं. एकदा गाडीवाल्यांनी स्टूल नेलंच, तर दोन दिवस ती विटांवर बसली. त्यातल्या एका गाडीवाल्याचाच शर्ट पुढच्या आठवड्यात तिच्याकडे रफूला आला. हिनं तो निमूटपणे करून दिला. मी असते तर बाहीच कापली असती.

तिचे दोन नियम होते. मालकासमोर काम करायचं नाही आणि काम झाल्यावर रफू कुठे आहे ते मालकाला दाखवायचं नाही. गिऱ्हाईक कपडा उलटापालटा करून विचारायचं, "कुठे होतं हो ते भोक?" ही म्हणायची, "शोधा. सापडलं तर पैसे देऊ नका." फार कुणी ताणून धरलं तर सांगायची, "एकदा बोट ठेवून दाखवलं ना, की तुम्हाला तेवढंच दिसत राहतं. माझ्या वडिलांनी सांगितलंय."

हे ऐकलं की माझ्या मनात पाल चुकचुकायची. दाखवायला काय जातं? जो काम पाठ फिरवून करतो आणि झाल्यावर दाखवत नाही, त्याच्या कामात कुठेतरी पाणी मुरतंयच, असा माझा हिशेब. आणि त्याला कारणही होतं. आईची शाल.

आमच्या आईची वांगी रंगाची लोकरी शाल होती. आईला शेवटी शेवटी थंडी फार वाजायची, ती शाल तिच्या अंगावरून उतरायचीच नाही. ती गेल्यावर मी शाल पेटीत ठेवली, आणि वर्षानं काढली तर तिला कसर लागलेली! बरोबर मधोमध बोट जाईल एवढं भोक. मी रडले, खोटं कशाला सांगू. वहिनी म्हणाली, "द्या इकडे, वन्सं." आठ दिवसांनी तिनं शाल परत आणून दिली तर भोक नाही. नुसतं बुजवलेलं असं नव्हे, भोक कधी होतं असंच वाटेना. मी खिडकीत धरली, उलटी केली, बोटं फिरवली. काहीच नाही.

वहिनी उभी राहून बघत होती, कौतुकाची वाट बघत असणार. मी म्हटलं, "छान झालीय." आणि मनात म्हटलं, हिनं शाल बदलली. बाजारात तसल्या ढीगभर मिळतात. आईची शाल दुरुस्त होण्यापलीकडे गेली, ते सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून हिनं दुसरी आणून माझ्या गळ्यात मारली. अकरा वर्षं मी हे मनात ठेवलं. शाल पेटीतून काढायची, हुंगायची आणि म्हणायची, ही नाही ती. आईचा वास येत नव्हता. आता धुतलेल्या शालीला वास कुठून येणार, पण तेव्हा ते कोण सांगणार मला!

दादा घरं रंगवायचा. उंच शिडीवर उभं राहून, नाकाला नुसतं फडकं बांधून, वीस वर्षं. मग त्याचा श्वास पुरेनासा झाला. जिना चढला की मधल्या पायरीवर बसायचा आणि आम्हाला सांगायचा, "जरा शेजाऱ्यांशी गप्पा मारत होतो." शेजाऱ्यांचं दार बंद असायचं. सरकारी दवाखान्यात तपासणीच्या यंत्राची तारीख मिळाली ती आठ महिन्यांनंतरची. त्याच सुमारास वकिलांच्या इमारतीला रंग लावला, जिन्याखाली लोखंडी जाळी ठोकली आणि वहिनीचं स्टूल जाळीच्या बाहेर आलं.

आमच्या कंपनीत जो कायम होतो त्याला कंपनीच्या दवाखान्याचं कार्ड मिळतं. त्या कार्डावर नवरा, बायको, मुलं चालतात. भाऊ चालत नाही, मी विचारून बघितलं होतं. त्या दवाखान्यात छातीचा डॉक्टर रोज बसतो. म्हणून मी स्वतः मॅनेजरकडे गेले आणि माझ्या भावजयीसाठी शब्द टाकला. मॅनेजर म्हणाला, "सहा महिने बघू. काम बरं असलं तर कायम करू. तपासायला तुम्ही आहातच."

वहिनीला गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं. पहिल्या दिवशी घरी येऊन तिनं ते दादाच्या गळ्यात घातलं आणि म्हणाली, "आणखी सहा महिन्यांनी तुमचं." दादा ते घालून आरशापुढे उभा राहिला. फोटो वहिनीचा, आणि ऐट याची.

वहिनी खिडकीपाशी आणि मी तिच्यानंतर, अशी आमची टेबलं. म्हणजे तिचं प्रत्येक काम माझ्या दिव्याखालून जायचं. मी नात्याची म्हणून सूट दिली असेल असं वाटत असेल तर विसरा. उलट मी डोळ्यांत तेल घालून बघायची, कारण उद्या कुणी म्हणायला नको की फौजदारीण घरच्यांपुढे नरम पडली. पाच महिने सगळं सरळ चाललं. टेबलक्लॉथ, वेटरांचे कोट, झटपट कामं. तिचे रफू मला सापडायचे, बोटाला जरा जाड लागायचे. सापडला की मी शिक्का मारायची. बरं वाटायचं मला.

मधेच कंपनीतून एका गिऱ्हाइकाचा कोट नाहीसा झाला. तेव्हापासून फाटकावर पिशव्या उघडून बघायला लागले आणि जो तो दुसऱ्याकडे वाकड्या नजरेनं बघायला लागला. मला तर काय, आयतंच मैदान मिळालं! इस्त्रीवाल्याच्या डब्यात मला कोट दिसायचा. ड्रायव्हर शिट्टी वाजवायला लागला तरी वाटायचं, हा एवढा खुशीत का? आणि वहिनी? ती तर पहिल्यापासून पाठ फिरवून बसणारी.

सहा महिने पुरे व्हायला आठ दिवस उरले होते तेव्हा तो राखाडी कोट आला. मोठ्या घरातल्या बाईंचा, परदेशी कापडाचा. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'डाव्या बाजूला समोर सिगारेटनं जळालेलं भोक, वाटाण्याएवढं.' वहिनीनं त्याला तीन दिवस घेतले. मुकादम कुरकुरला, पण ती घाई करेना. चौथ्या दिवशी कोट माझ्या टेबलावर आला.

मी डावी बाजू दिव्याखाली धरली. काही नाही. भिंग लावलं. काही नाही. वाटलं, चिठ्ठी लिहिणाऱ्यानं डावं-उजवं केलं असेल, म्हणून उजवी बाजू बघितली. पाठ बघितली, बाह्या बघितल्या. डोळे मिटून बोटं फिरवली. अर्धा तास मी त्या कोटाशी झटत होते. अस्तरसुद्धा कारखान्यातून आल्यासारखं होतं. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, म्हणजे मला तेव्हा तो उजेडच वाटला. शाल! हिनं पुन्हा तेच केलं. हिच्या हातून काम बिघडलं आणि हिनं कुठून तरी तसलाच कोट आणून ठेवला. कुठून, ते देव जाणे. एक कोट आधीच गायब आहे.

तिला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं की नाही? चार पावलांवर बसली होती. पण मी विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं की ती ताकास तूर लागू देणार नाही. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'रफू आढळला नाही. कोट तोच असल्याची खात्री नाही.' खाली सही केली. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, तेच आता आठवतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. कोट टेबलावर पसरलेला, आणि समोर कोटाची मालकीण बसलेली. ती तो न्यायला आली होती आणि कोटाला लावलेली माझी चिठ्ठी तिनं वाचली होती.

"हा माझाच कोट आहे का?" ती म्हणाली. "भोक तर दिसत नाही."

"तुमचाच आहे, बाई," वहिनी म्हणाली.

"मग दाखवा कुठे होतं ते," मॅनेजर म्हणाला.

वहिनीनं कोटाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "साहेब, बाईंना दोन मिनिटं बाहेर बसवा. तुम्हाला दाखवते. मालकाला दाखवायचं नसतं."

झालं! बाई उसळलीच. "कोट माझा आणि मीच बाहेर बसू? हा काय प्रकार आहे?" मॅनेजरचा चेहरा आंबट झाला. मी मनात म्हटलं, सापडली.

तेव्हा वहिनी माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. म्हणाली, "वन्सं, तुम्हीच सांगा ना साहेबांना. सासूबाईंची शाल तुम्ही बघितली आहे. तिला भोक होतं आणि मी भरलं, ते कुणाला कुठे दिसतं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "शाल मी बघितली आहे. पण भोक कुठे गेलं ते मला माहीत नाही."

मी यात एक अक्षर खोटं बोलले नाही. पण वहिनीचा चेहरा असा उतरला, की अकरा वर्षांत मी काय समजत होते ते तिला त्या एका वाक्यात सगळं कळलं असणार. दादाचं कार्ड तिच्या डोळ्यांपुढे आलं असेल. तिनं कोट हातात घेतला आणि बाहीच्या टोकाची आतली दुमड दोन टाके उसवून उघडली.

"हे बघा," ती म्हणाली. दुमडीच्या आत कापड विरळ होतं, जाळीसारखं. "इथून एकेक धागा काढलाय. बाजारातला धागा कितीही जुळता आणला तरी उन्हात वेगळा पडतो. कपड्याला त्याचाच धागा लागतो. हे धागे नेले ते इथे." आणि तिनं कोटाच्या डाव्या बाजूला, तिसऱ्या बटणाच्या चार बोटं वर, बोट ठेवलं.

मी वाकून बघितलं. एकोणीस वर्षं तपासणीत मुरलेले डोळे, तरी मला तिच्या बोटाखाली काहीसुद्धा दिसलं नाही. पण ती विरळ दुमड मात्र दिसत होती.

आणि कोटाची मालकीण हळूच म्हणाली, "हो की. दिसतंय."

"कुठे?" मॅनेजर म्हणाला.

"हे काय इथे! आधी लक्षात आलं नव्हतं. आता तर अगदी स्पष्ट दिसतंय. चांगला ठिपका आहे." तिनं कोट अंगात घातला, आरशापुढे गेली, आणि तिची नजर आरशातही तिथेच. "छे! मी हा घालून चारचौघांत कशी जाऊ? सगळे इथेच बघतील. मला कोटाची किंमत भरून द्या."

मॅनेजरनं खूप समजावलं, मीही म्हटलं, "बाई, खरंच काही दिसत नाही." ती म्हणाली, "तुम्हीच तर लिहिलंय खात्री नाही म्हणून." माझीच सही तिनं माझ्यापुढे नाचवली.

कंपनीनं कोटाची किंमत भरून दिली. वहिनीचे सहा महिने पुरे झाले त्या दिवशी मॅनेजरनं तिला सांगितलं की कायम करता येणार नाही. कारण म्हणून तिच्या कागदाला माझी चिठ्ठी टाचलेली होती. मी त्याच्याकडे तीनदा गेले. माझं चुकलं, रफू होता, मला सापडला नाही, असं लिहून दिलं. तो म्हणाला, "तुम्हालाच रफू सापडत नसेल तर मग तुमचा शिक्का कशाला?" चौथ्यांदा मी गेले नाही. माझी नोकरी मला हवी होती. हेही सांगून टाकते, लपवून काय करू?

वहिनीनं ओळखपत्र परत केलं. घरी आली, दादाला म्हणाली, "नाही जमलं." कुणामुळे, ते तिनं सांगितलं नाही. दादा म्हणाला, "जाऊ दे गं, त्या फोटोत तू रागावलेली दिसत होतीस." आणि मग त्याला जो खोकला लागला तो बराच वेळ थांबेना.

रविवारी दुपारी दादा झोपला होता. मी पेटीतून शाल काढली, खिडकीत बसले. शालीच्या एका टोकाची किनार दुमडून शिवलेली आहे. मी कात्रीनं ती शिवण उसवली. आत कापड विरळ होतं. जाळीसारखं. वांगी रंगाचे एकेक धागे तिथून कुणीतरी काढून नेले होते.

आईचीच शाल. अकरा वर्षं माझ्या पेटीत होती, आणि मी तिला परकी म्हणत होते.

वहिनी दारात आली. हातात कुणाची तरी पँट होती. आता ती बसथांब्यामागच्या चांभाराशेजारी बसते, तिथलं काम घरी आणते. तिनं माझ्या मांडीवरची उसवलेली दुमड बघितली आणि थबकली.

"वहिनी," मी म्हटलं, "मी फार वाईट केलं."

"हो," ती म्हणाली. एवढंच. नाही नाही, असू दे असू दे, असलं काही नाही. मला ते लागलं, पण बरंही वाटलं.

मग मला राहवेना. "एकदा दाखव ना," मी म्हटलं. "कुठे होतं ते भोक? मला नुसता हात ठेवायचाय तिथे."

तिनं मान हलवली. "एकदा दाखवून बघितलं ना, वन्सं. तुम्हाला मग शाल दिसायची नाही, भोकच दिसत राहील." आणि हात पुढे केला. "द्या, किनार शिवून देते."

"नको," मी म्हटलं. "मी उसवली, मीच शिवते."

ती पँट घेऊन खिडकीच्या दुसऱ्या बाजूला, माझ्याकडे पाठ करून बसली. आतल्या खोलीत दादाचा श्वास वाजत होता. सरकारी दवाखान्यातल्या तारखेला अजून पाच आठवडे होते. मी सुईत काळा दोरा ओवला, वांगी घरात नव्हता, आणि शिवायला घेतलं. मला शिवता कुठे येतं! वेडेवाकडे, मोठाले टाके पडले. आता शाल पांघरली की ते कुणालाही दुरून दिसतात. लोक विचारतात, हे कुणी शिवलं? मी सांगते, मी.